मुख्याध्यापकांची खुर्ची आणि नववीचा कॅटलॉग

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई तिथल्या अनुदानित माध्यमिक शाळेत २७ वर्षं गणित शिकवत होत्या. वय ५२. सेवाज्येष्ठतेने जूनमध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि पाच महिन्यांत पार थकून गेल्या. दिवस जातो तो शालार्थ (ऑनलाइन पगारबिलं), यू-डायस (शाळेची सरकारी माहिती), पोषण आहाराच्या नोंदी आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या ‘आज दुपारी २ पर्यंत माहिती पाठवा’ अशा निरोपांत. कालपरवापर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या मैत्रिणी त्या आल्या की गप्प होतात. एक सहकारी रोज पहिल्या तासाला वीसेक मिनिटं उशिरा येतात. ते संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे. त्यांचा विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, ‘आपलाच पोऱ्या शे, सांभाळी ल्या’ (आपलाच मुलगा आहे, सांभाळून घ्या). दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा नववीच्या १४ मुली आल्याच नव्हत्या, आणि हे ताईंना कळलं आठवडाभराने. त्या विचारतात, ‘माझा पिंड शिक्षिकेचा. खमकेपणा माझ्यात नाही. पद सोडून पुन्हा वर्गावर जाऊ का?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न पद सोडायचं की ठेवायचं एवढाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या १४ मुलींच्या ओळीपाशी अडलो. चार पानी पत्रात ती एकच ओळ आहे, आणि तीही तुम्ही स्वतःला दोष देण्यासाठी लिहिली आहे. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत दिसतं. तिच्याकडे येतो, पण आधी तुमच्या पिंडाचं बोलू.

शिक्षकाचा पिंड एक आणि प्रशासकाचा दुसरा, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडे सगळेच तसं धरून चालतात. खान्देशातल्या माणसाला याबाबतीत एक आठवण करून द्यावीशी वाटते. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि पुढे तिथलं छात्रालयही सांभाळू लागले. आपण त्यांना शिक्षक म्हणून आठवतो. पण छात्रालय चालवणं म्हणजे काय असतं? मुलांचं जेवणखाण, खोल्यांची स्वच्छता, कोण आजारी आहे, कोणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोण रात्री रडतो, हे सगळं बघणं. हे प्रशासनच झालं की. आणि ते करता करता ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. त्यांचं शिकवणं कुठे संपत होतं आणि व्यवस्था पाहणं कुठे सुरू होत होतं, हे सांगता येणार नाही. तेव्हा २७ वर्षं मुलांकडे बघण्याची जी सवय तुमच्या अंगात मुरली आहे, ती खुर्चीत बसल्यावर निकामी होते हे मला मान्य नाही. तिला वाव मिळत नाही, हे मात्र खरं.

वाव का मिळत नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. सकाळी कुलूप उघडल्यापासून तुम्ही फोनला बांधलेल्या आहात. मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत ११ वर्षं मुख्याध्यापक होतो. तेव्हा फोनचा एवढा जाच नव्हता, पण कागद होते, आणि प्रत्येक कागदावर ‘अतितातडीचे’ असा शिक्का असायचा. पहिली दोन वर्षं मी त्या शिक्क्यांना घाबरून काढली. माझी आवक-जावक वही तालुक्यात सगळ्यांत नीटनेटकी होती. आठवी ब मध्ये मात्र विज्ञानाचे तास अर्ध्याहून जास्त वेळा रिकामे जात होते, आणि ते मला एका पालकाने रस्त्यात थांबवून सांगितलं.

शाळेच्या नेतृत्वावर शिक्षण-संशोधक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक निष्कर्ष मांडला. शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यांत जास्त परिणाम होतो वर्गातल्या शिकवण्याचा, आणि त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा. हा दुसरा परिणाम थेट मुलांपर्यंत जात नाही, तो शिक्षकांमार्फत जातो. मुख्याध्यापक शिक्षकाला काय मिळवून देतो, कशापासून वाचवतो, त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरतो, यातून तो घडतो. मुख्याध्यापकाच्या हातात शेवटी एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. शाळेतला कुठला तास कशाला जाईल हे ठरवणारा माणूस तो असतो. तुम्ही गणिताच्या आहात म्हणून आकड्यांत सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवलं आहे. रोज २० मिनिटं उशीर म्हणजे २२० दिवसांत ४४०० मिनिटं. ३५ मिनिटांची तासिका धरली तर सव्वाशे तासिका गेल्या. अध्यक्षांच्या भाच्याचं प्रकरण तुम्ही शिस्तीचं म्हणून मांडलं आहे. मी तुमच्या जागी असतो तर ते या सव्वाशे तासिकांचं म्हणून मांडलं असतं.

आता नववीच्या मुली.

तुम्ही म्हणता, मी वर्गावर असते तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. बरोबर आहे, पण कळलं असतं फक्त तुमच्या तासापुरतं. वर्गशिक्षकाला त्याच्या एका वर्गाचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, दिसतो. पाचवीपासून दहावीपर्यंतचे सगळे कॅटलॉग एकाच टेबलावर शेजारी शेजारी उघडून बघू शकेल असं शाळेत एकच माणूस असतं, आणि सध्या ते माणूस तुम्ही आहात. एकदा तसं करून बघा. नववीतली मुलगी गैरहजर, त्याच दिवसांत तिचा सहावीतला भाऊ हजर, तर ती कापूस वेचायला जात असणार, किंवा आई वेचणीला जाते म्हणून ही घरी धाकट्याला सांभाळत असणार. दोन्ही भावंडं एकाच तारखेपासून गायब, तर घर उठून गुजरातेत उसाला गेलं असण्याचा संभव जास्त. फक्त बाजाराच्या दिवशी गैरहजर असेल तर कारण आणखी वेगळं. आणि भाऊ येतो आहे, वेचणी संपली आहे, तरी मुलगी येत नाही आणि मैत्रिणी उत्तर द्यायचं टाळतात, तेव्हा पायात चपला घालून तिच्या घरी जायची वेळ झालेली असते. लग्नाची बोलणी चालू असतील, तर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक तुम्हाला पाठ हवा, आणि ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांच्याशी तुमची ओळख त्याआधीच झालेली हवी.

चार कारणांवर चार वेगळे उपाय आहेत. वेचणीला किलोमागे मजुरी मिळते. ज्या घरात ती मजुरी लागतेच, तिथे ‘मुलीला शाळेत पाठवा’ असं नुसतं सांगून भागत नाही. अशा घराशी बोलून ‘निदान गणित, विज्ञान, इंग्रजीच्या तासांना पाठवा’ इथपर्यंत आणता येतं, आणि ते तीन तास सकाळी सलग लावणं तुमच्याच हातात आहे. वेळापत्रक ही मुख्याध्यापकाने स्वतः बसून करायची गोष्ट आहे, ताई. ते पर्यवेक्षकांकडे सोपवून मोकळ्या होऊ नका. गुजरातेत गेलेल्या घरांतली लहान भावंडं असतील तर त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. पाड्यावरून येणाऱ्या पावरा आदिवासी मुलींच्या घरी जाताना त्यांची बोली येणारं कुणी सोबत न्या. शाळेतलाच दहावीचा एखादा मुलगा चालेल.

बसचा एक अनुभव सांगतो. आमच्या शाळेतल्या आठ-दहा मुली शेवटच्या तासाला रोज उठून जायच्या. वर्गशिक्षिका त्यांच्या नावापुढे रोज शेरा मारायच्या, मुली मान खाली घालून ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या. अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना एसटीचा पास मोफत होता, पण त्यांच्या गावाकडे जाणारी संध्याकाळची एकच गाडी शाळा सुटायच्या २५ मिनिटं आधी निघायची. हे आम्हाला कळायला अख्खं एक सत्र गेलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी आगारप्रमुखांना भेटलो. गाडीची वेळ बदलायला चार महिने लागले. तोवर आम्ही त्या वर्गाचा शेवटचा तास चित्रकलेचा केला आणि गणित दुपारच्या सुट्टीआधी आणलं. एवढंच केलं. ११ वर्षांत मी जे काही शिक्षण दिलं त्यात हा बदल मी वरच्या बाजूला ठेवतो, आणि त्यासाठी खमकेपणा अजिबात लागला नाही.

‘खमकेपणा’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. मुख्याध्यापक म्हणजे आवाज चढवणारा, मेमो देणारा, ज्याच्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप होतो असा माणूस, हे चित्र आपल्या मनात लहानपणापासून आहे. त्यात बाईमाणूस त्या खुर्चीत बसलं की गाव मोजायलाच बसतं, आवाज चढवते की नाही. त्या मापाने स्वतःला मोजू नका.

त्या सरांच्या बाबतीत तुम्ही मेमो द्यावा की नाही असं विचारलं आहे. माझी चूक सांगतो. माझ्या शाळेतही असे एक सर होते. मी पहिल्याच महिन्यात मेमो दिला. त्यांनी लेखी खुलासा दिला. मी दुसरा दिला, त्यांनी दुसरा खुलासा दिला. तीन वर्षांत त्यांच्या नावाची जाडजूड फाईल झाली. त्या तीन वर्षांत मी एकदाही त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो नव्हतो. ते कसं शिकवतात, काय येतं, कुठे अडतात, मला काही माहीत नव्हतं. सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही आधी वर्गात जा. लॉगबुक, म्हणजे तास पाहिल्याची नोंदवही, भरायचं म्हणून जाऊ नका. आधी सांगून जा, पूर्ण तास बसा, मुलांच्या वह्या बघा. तास संपल्यावर एकांतात दोन गोष्टी बोला, एक चांगली दिसलेली आणि एक सव्वाशे तासिकांची. उशिराचं कारण विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मग एक साधी व्यवस्था लावा. पहिल्या तासाला कोणता वर्ग किती वाजता सुरू झाला, याची नोंद सगळ्यांच्याच वर्गांची ठेवा. ती पंधरा दिवसांनी शिक्षक सभेत सगळ्यांसमोर ठेवा, तुमच्या स्वतःच्या तासासकट. तुम्ही आठवड्याला काही तास घेत असालच, ते सोडू नका. एकट्यावर बोट ठेवलं की ते भांडण होतं. सगळ्यांची नोंद असली की ज्याचं त्याला दिसतं. एवढं करून महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, तर लेखी सूचना द्या. तेव्हा ती देताना तुमचा हात कापणार नाही, कारण आधीचं सगळं तुम्ही मनापासून केलेलं असेल. गोपनीय अहवालातही जे खरं तेच लिहा, कमी नाही आणि जास्त नाही.

अध्यक्षांचं काय? ‘सांभाळी ल्या’ हे फोनवरचं वाक्य आहे. फोनवरच्या वाक्याला फोनवर उत्तर देत बसू नका. खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या नियमावलीत शाळा समिती आहे, तिच्यात मुख्याध्यापक सचिव म्हणून बसतो. त्या समितीची सभा वेळेवर लावा, आणि विषयपत्रिकेवर माणसाचं नाव न घालता ‘अध्यापनाच्या वेळेचा आढावा’ असा विषय घाला. नोंदी तिथे ठेवा. मला वाटतं, तुम्ही अध्यक्षांना जेवढं विरोधात धरून चालला आहात तेवढे ते नसतील. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था गावातल्या माणसांनी पदरमोड करून, शेतातला तुकडा देऊन उभ्या केल्या. त्यांच्या घरातल्यांना शाळेची चाड असते. फक्त त्यांच्यापर्यंत कुणी शाळेची गोष्ट घेऊन जात नाही, सगळे तक्रारी आणि मागण्या घेऊन जातात. १४ मुलींची गोष्ट घेऊन अध्यक्षांकडे जा. त्यांच्या ओळखीने पाड्यावरची जी दारं उघडतील ती तुमच्या परिपत्रकाने उघडणार नाहीत. भाच्याचा विषय त्या दिवशी काढूच नका. माझा अंदाज चुकीचा ठरला आणि उद्या दबाव वाढलाच, तर प्रत्येक सूचना लेखी मागा आणि जावक क्रमांक टाकून उत्तर द्या. शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय कागद बघतं, आणि तुमच्या बाजूला कागद असले पाहिजेत.

कागदांवरून कामाच्या वाटपाकडे येतो. पोषण आहार, यू-डायस, शिष्यवृत्ती, सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याच डायरीत आहेत असं तुम्ही लिहिलंत. ते सोडा. लिपिक भाऊंना आणि संगणक येणाऱ्या दोन तरुण शिक्षकांना एकेक विषय वाटून द्या. त्या बदल्यात त्यांचे बदली तास कमी करा, म्हणजे वाटणी न्यायाची होईल. सकाळच्या परिपाठापासून दुसरा तास संपेपर्यंत कार्यालयात बसायचं नाही असं ठरवा. शिपाईदादांना सांगून ठेवा की भेटायला आलेल्या माणसाला पाणी द्या आणि थांबवा. तालुक्याच्या ग्रुपवरचे निरोप दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी बघा. पहिल्या आठवड्यात दोन फोन रागाचे येतील. तिसऱ्या आठवड्यात येणार नाहीत, कारण माहिती तर जातच असते, फक्त तासाभराने. जिल्हा परिषद शाळांतले मुख्याध्यापक हे वाचत असतील तर त्यांनी म्हणू नये की आमच्याकडे लिपिकच नाही. मला ते माहीत आहे. तुमच्याकडे व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आहेत आणि निम्म्या महिला. पोषण आहाराची चव आणि धान्याचं वजन बघायला त्यांच्याइतकं योग्य कोण? त्यांना सह्यांपुरतं बोलावू नका.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांचीही अशीच पत्रं येतात. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीचा नॅकचा अहवाल, विद्यापीठाच्या समित्या आणि रिकाम्या प्राध्यापकपदांच्या मध्ये सापडलेली ही माणसं. त्यांना एवढंच सांगतो, महाविद्यालय विकास समितीत तुम्ही सदस्य सचिव आहात, विषय मांडण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. आणि प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा पहिलं वर्ष नुसतं समजून घेण्यात घालवू नका.

मैत्रिणींचं दुःख मला समजतं. त्यावर उपाय फारसा नाही. तुम्ही आल्यावर त्या गप्प होतात, कारण त्या आपसांत रजेबद्दल, तासांबद्दल बोलत असतात आणि ते आता तुमच्या हातात आहे. ही दरी थोडी राहणारच. पण मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच जात राहा. कार्यालयात एकटीने जेवायची सवय लावून घेऊ नका. भरीत-भाकरी पुढे सरकवायला कुणी सांगावं लागत नाही, थोडे दिवस जाऊ द्या.

आता शेवटचा प्रश्न, पद सोडू का? सोडता येतं. त्यात कमीपणा नाही. मी चांगले शिक्षक ओळखतो ज्यांनी विचार करून हे पद नाकारलं आणि शेवटपर्यंत वर्गावर सुखाने राहिले. पण ते लेखी द्यावं लागतं आणि त्याचे सेवेवर, वेतनावर काय परिणाम होतील ते संघटनेतल्या जाणत्या माणसाकडून आधी समजून घ्यावं लागतं. नोव्हेंबरच्या थकव्यात असा कागद लिहू नये. तुमच्या निवृत्तीला, ५८ पर्यंत, सहा वर्षं आहेत. आज पाचवीत बसलेली मुलं तेवढ्यात दहावी होऊन बाहेर पडतील. एक पूर्ण पिढी तुमच्या हाताखालून जाणार आहे. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, एप्रिलपर्यंत थांबा. तोवर वेळापत्रक बदलून बघा, वर्गांत बसून बघा. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण धरलं आहे. तालुक्यात जे मिळेल त्यात जा, आणि तिथे भेटणाऱ्या दोन-तीन मुख्याध्यापिकांशी मैत्री करा. ज्यांच्याशी मोकळं बोलता येईल अशी माणसं आता तुम्हाला तिथेच मिळतील. त्यानंतरही सकाळी शाळेच्या फाटकापाशी पोटात गोळा येत असेल, तर खुशाल सोडा आणि नववीचं गणित घ्या.

पण या सोमवारी आधी सगळे कॅटलॉग टेबलावर मागवा. त्या १४ मुलींची नावं एका कोऱ्या पानावर लिहा, प्रत्येकीपुढे गाव, भावंडं आणि शेवटची हजेरी. पहिलं घर कुणाचं, हे ते पान बघूनच ठरेल. जानेवारीत मला पत्र टाका आणि किती जणी परत आल्या ते कळवा. ज्या आल्या नाहीत त्यांच्याबद्दलही लिहा, आपण मिळून बघू.